साडूंनी कापलेला दोर

धार या विषयावर आमच्या थोरल्या साडूंइतका विचार केलेला माणूस देवळाली प्रवरेतच काय, साऱ्या नगर जिल्ह्यात सापडणार नाही. न्हाव्याचा, खाटकाचा धारेशी रोजचा संबंध, पण त्यांचा स्वतःचा जीव काही तिच्यावर टांगलेला नसतो. साडूंचा असायचा. साखर कारखान्यात फिटर म्हणून नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर ते नातेवाइकांबरोबर मालवणला गेले. बाकीच्यांनी मासे खाल्ले. हे पाठीला सिलिंडर बांधून मासे बघायला उतरले. पुढे रीतसर शिकून आले आणि समुद्र लांब म्हणून मुळा धरणाच्या फुगवट्यावर त्यांनी भागवून घेतले. तिथे शेतकऱ्यांच्या मोटारींच्या पाइपांना तळाशी मासेमारीची फाटकी जाळी गुंडाळली जायची. ती सोडवायला साडू खाली जायचे आणि त्यांच्या कमरेला बांधलेल्या दोराचे टोक धरून मी काठावर बसायचो.

पाण्यात तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, डोळ्यांना दिसत नाही, अंगाला गुंडाळल्यावरच कळतो. म्हणून हत्यार निवडण्यात साडूंचे एक वर्ष गेले. भरल्या बादलीत हात बुडवून, डोळे मिटून, एका हाताने ते कापून बघत. सुतळी, पडद्याची दोरी, एकदा माझ्या बुटाची नाडी. पुण्याच्या पुतण्याने मोठा टोकदार सुरा भेट दिला, तेव्हा ते म्हणाले, "ह्यो कलिंगडाला ठेवा. पान्यात ह्येचं टोक आपल्याच हवेच्या नळीत घुसायचं." शेवटी बोथट टोकाची कात्री पट्ट्याला, आत धार असलेला आकडा छातीवर आणि छोटे पाते डाव्या दंडावर, अशी तीन हत्यारे ठरली. "एक हात गुतला तर दुसऱ्याला कायतरी घावलं पायजे," हा त्यांचा हिशेब.

सराव घरीच चाले. मेहुणी त्यांना ओट्यावर जुन्या जाळ्यात गुंडाळून स्वयंपाकाला निघून जायची. एका दुपारी ते असे गुंडाळलेले असतानाच मुलीला बघायला पाहुणे आले, तेही सांगितल्या वेळेच्या तासभर आधी. साडू जाळ्यातूनच म्हणाले, "बसा, च्या घ्या. आलोच." पण घाई करायची नाही हा नियम असल्यामुळे पाहुण्यांचे पोहे संपेपर्यंत ते एकेक धागा कापत राहिले. लग्न जमले. जावई मात्र अजून त्यांच्यापासून दोन हात अंतर ठेवून बसतो.

मलाही त्यांनी नियम पाठ करायला लावले होते. "गुतलं की आधी थांबायचं, श्वास घ्यायचा. गरगर फिरायचं न्हाई, आलो तसं मागं सरायचं. हाताला लागंल तेवढंच कापायचं. आन् साडूभाऊ, तुमी वढायचं न्हाई. वढलं की जाळं आवळतं."

मी मान डोलावली होती. पण मी विहिरींच्या गावचा माणूस. आमच्याकडे विहिरीत कोणाला काही झाले की जवळ असेल त्याने दोर धरायचा आणि ओढायचे, हे लहानपणापासून हातांत भिनलेले. गेल्या उन्हाळ्यात दोराला दोन हिसके बसले आणि तो ताठ झाला. मला वाटले, संपले. मी ओरडून, ज्यांची मोटार होती त्या दोघा शेतकरी भावांना बोलावले आणि तिघांनी मिळून ओढले. दोर एकदम सैल पडला, मी पाठीवर आपटलो, आणि दोराचे टोक एकटेच वर आले.

सुरीने केळ कापावे तसे ते टोक होते. पाण्यावर बुडबुडे येत होते, पण तेही त्या भावांतल्या थोरल्याने माझा खांदा हलवून दाखवले तेव्हा मला दिसले. काही वेळाने साडू बऱ्याच अंतरावर वर आले. खांद्यावर जाळ्याची चिंधी. "मोटार चालू करा," एवढेच म्हणाले.

घरी मेहुणीने विचारले, "पाहुणं, दोर आखूड कसा झाला?"

"दगडाला घासून तुटला," मी म्हणालो. साडू समोरच बसले होते.

त्यांनी चहाच्या बशीवरून माझ्याकडे पाहिले. "व्हय," ते म्हणाले, "तिथले दगूड लई धारदार हायेत."

त्यानंतर ते बोलावत आणि मी गुडघा दुखतो म्हणून सांगे. तीन-चार वेळा तसे झाले. दुसऱ्या कोणाच्या हाती त्यांनी दोर दिला नाही आणि उतरणेच थांबले.

यंदा दिवाळीत फराळाला दोघेच बसलो असताना मी सांगून टाकले. "त्या दिवशी मी ओढलं होतं."

"तिघं हुते," साडू चकली मोडत म्हणाले. "खाली म्या मोजले. पयला हिसका तुमचा. भ्यालेला हात कळतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर तुमी दोर धरायला यायचं बंद केलं आसतं."

मी ते तसेही बंद केले होते, आणि हे त्यांनी बोलून दाखवले नाही. धीर करून मी म्हणालो, "आता येतो. कधीही बोलवा."

"आता कान गेला, साडूभाऊ. डॉक्टर पान्यात उतराया न्हाई म्हनतो."

हल्ली आम्ही एखाद्या संध्याकाळी फुगवट्यावर जाऊन बसतो. पलीकडे मोटारी चालू असतात. परवा ते पाण्याकडे बघत म्हणाले, "आज लई नितळ हाय. आज तळ दिसला आसता."

मी हो म्हणालो.