चप्पल लावलेली रायफल

राजपाल हवालदार कळंबच्या एका पतसंस्थेच्या दारात नऊ वर्षं रायफल घेऊन बसले आणि नऊ वर्षांत तिथं एकदाही दरोडा पडला नाही. याचं श्रेय संचालक मंडळानं आधी देवीला दिलं, मग सीसीटीव्हीला, आणि उरलंसुरलं चेअरमन अमरसिंहदादांच्या दराऱ्याला. राजपालच्या वाट्याला प्लॅस्टिकची खुर्ची आली. तिचा एक पाय चिरलेला होता.

माणूस फौजेतून हवालदार होऊन परतलेला. रायफल तीनशे पंधरा बोअरची, स्वतःची, लायसन स्वतःच्या नावावर. बंदूक चालवण्यात काडीचा दोष नव्हता. पण गेल्या वर्षी येरमाळ्याजवळ मोटरसायकल घसरली आणि उजव्या हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं, हाड मोडलं. डॉक्टरनं जुळवलं, कागदावर 'ठीक' लिहिलं. रायफलीला मात्र कागद वाचता येत नव्हता. घोडा दाबला की ती पूर्वीसारखीच खांद्याला लाथ घालायची, नेमकी त्याच हाडावर.

आता शरीराला अक्कल लवकर येते. दोन-तीनदा लाथ बसल्यावर घोडा दाबायच्या आधीच राजपालचे डोळे मिटायला लागले. वार्षिक चाचणीत पाचापैकी दोन गोळ्या टारगेटवर आणि तीन मागच्या मातीत. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीच्या साहेबानं गोड आवाजात सांगितलं, "हवालदार, पुढच्या बारीला पाचात तीन लागल्या न्हाय तर घरी आराम करा."

आराम! राजपालला दरोडेखोराची भीती कधी वाटली नव्हती, या आरामाची वाटली. पन्नाशी उलटलेले, पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या मोजणारे सोबती त्यांनी पाहिले होते. त्यांच्यात जाऊन बसायचं नव्हतं.

बातमी फुटली आणि अख्ख्या कळंबाला बंदुकीतलं कळायला लागलं. कॅशियर म्हणाला, शर्टाखाली टॉवेल घ्या. आडत्याचा मुनीम म्हणाला, गोळी सुटताना श्वास ओढून धरा. ज्यानं जन्मात दिवाळीला तेरखेड्याच्या सुतळी बॉम्बला लांबूनच उदबत्ती लावली, तोही खांदा कसा ठेवायचा ते दाखवू लागला. पण रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा मागचा लाकडी भाग, तो राजपालच्या अंगाला बसतो का, हे एकानंही विचारलं नाही.

दस्त्याचं नाव काढलं ते अमरसिंहदादांनी, आणि मोठ्या मनानं. "धक्का जास्त बसतोय ना? मग हलका दस्ता लावू. सोपा हिशोब हाय." त्यांनी कुठून तरी घडवून आणलेला दस्ता बघून डोळे दिपले. शिसवी, सडपातळ, वेलबुट्टी कोरलेली, आणि मागच्या टोकाला चंद्रकोरीसारखी पितळी पाटी. पाटीवर पतसंस्थेचं नाव. दादांनी तो हार घालून राजपालच्या हातात दिला, फोटो निघाला, टाळ्या पडल्या.

चाचणीआधी सरावाच्या दोन गोळ्या मिळतात. राजपालनी त्या या शाही दस्त्यावर झाडल्या. रायफल आणखी हलकी झालेली, म्हणजे लाथ घालायला आणखी मोकळी. पाटीचं टोक हासळीत रुतलं आणि खाली झुकलेल्या दस्त्यामुळं नळी वर उसळली आणि दस्ता गालफडात बसला. घरी मथुराबाईंनी नवऱ्याचा सदरा काढला आणि खांदा बघून त्यांचा तोल सुटला.

"आवं, ही बंदूक राखणीला ठिवलीय का तुमच्या जिवावर? फेकून द्या तो पितळंचा नाद!"

"दादांनी दिलाय, म्हून."

"मग दादांच्या खांद्याला लावा की!"

राजपाल गेले धुळाप्पा सुताराकडं. येरमाळ्याच्या हायवेला म्हातारा बाजा, औतं आणि कुऱ्हाडीचे दांडे करायचा. रायफल दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायची सोय नाही, म्हणून राजपाल रिकामी रायफल मांडीवर घेऊन दोन दिवस त्याच्या पालात बसून राहिले. धुळाप्पानं शाही दस्ता हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "ह्यो कुणाच्या मापाचा?"

"मापाचा न्हाय. मानाचा हाय."

"मानाला खांदा नसतोय, हवालदार."

मग त्यानं राजपालचा कोपर वाकवून, कोपराच्या खोबणीपासून बोटापर्यंत सुतळी धरली. औताची मूठ करताना गड्याचं घेतो, तसंच माप. जुना दस्ता दोन बोटं आखूड निघाला. म्हणजे इतकी वर्षं रायफल खांद्याला टेकत नव्हती, आपटत होती. धुळाप्पानं वाळलेली बाभळ काढली. जड हवी, जड वस्तू लवकर उसळत नाही. दस्ता सरळ ठेवला, म्हणजे नळी वर उठायची नाही. मागचं टोक तळहाताएवढं रुंद केलं, म्हणजे धक्का एका हाडावर न पडता सगळ्या खांद्यावर पसरेल. मध्येच म्हणायचा, "डोळं मिटा. लावा खांद्याला. उघडा." उघडल्यावर माशी, म्हणजे नळीच्या टोकाची नेमाची खूण, डोळ्यासमोर सरळ दिसली नाही की पुन्हा रंधा. अकराव्या वेळी दिसली.

राहिलं रबर, दस्त्याच्या मागं धक्का झेलायला. टायरचा तुकडा अंगठ्यानं दाबून बघितला, लोखंडाचा भाऊ. बराच वेळ दोघांनी पालात नजर फिरवली. मग धुळाप्पा उठला, शेजारच्या दुकानातून निळ्या पट्ट्याच्या नव्याकोऱ्या स्लिपरा आणल्या, तळवे कापले, एकावर एक ठेवून पंक्चरवाल्याच्या सोल्यूशननं चिकटवले. निळी-पांढरी कड बाहेर दिसत होती. दस्ता दिसायला इतका कुरूप झाला की धुळाप्पाही खूश झाला.

चाचणीच्या दिवशी बाकीचे गार्ड फिदीफिदी हसले. "हवालदार, दुसऱ्या पायातली कुठं हाय?" राजपालनी दस्ता खांद्याला लावला. पहिली गोळी सुटली आणि खांद्याला कुणी तरी उशी फेकून मारावी एवढंच जाणवलं. दुसऱ्या गोळीला डोळे उघडे होते. पाचात चार. साहेबानं प्रमाणपत्रावर सही केली आणि शेरा मारला, 'याच दस्त्यासह पात्र.' राजपाल बाहेर येऊन एका दगडावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. खोटं कशाला सांगा, रडले.

इथं गोष्ट संपली असती, पण दसरा आला.

दसऱ्याला पतसंस्था बंद, पण शस्त्रपूजन चालू. शस्त्र एकच, राजपालची रायफल. ती त्यांच्याशिवाय हलत नाही, म्हणून नऊ वर्षं ते दसऱ्याला हजर. त्याच दिवशी धम्मदीक्षेचा सण, राजपालच्या वस्तीतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत विहारात, त्यांच्यात मथुराबाई नवऱ्याविना एकट्या. आणि यांच्या रायफलीला हळदकुंकू. दादा प्रेमानं म्हणायचे, "हवालदार म्हंजे आमच्या घरचेच." घरच्या माणसाला सुट्टी कशाला लागते?

यंदा रायफल चौरंगावर ठेवली आणि गुरुजींचा हात कुंकवाच्या करंड्यातच थांबला. "ही चप्पल आहे का हो?"

"चपलंचं रबर हाय. नवं. पायात घातलेलं न्हाय."

संचालकांत कुजबुज झाली. एक जण मोठ्यानंच बोलला, "ह्यांना आपल्या शस्त्राचं पावित्र्य काय कळणार?" दादा लालबुंद झाले. "पितळी दस्ता लावा. आत्ता."

राजपालनी खिशातलं प्रमाणपत्र काढून समोर धरलं. "शेरा वाचा, दादा. दस्ता बदलला की म्या नापास. उद्यापासून दारात बिनबंदुकीचा गार्ड चालंल का?" दादांनी कागद हातात घेतला. "आन् पावित्र्याचं म्हणाल तर नऊ वर्सं ही रायफल पुसून-चोळून तुमच्या चौरंगावर म्याच ठिवली. खांदा काळानिळा झाला तवा एकानं तरी विचारलं का? आज चप्पल दिसली. लई वाईट वाटलं, दादा."

मुहूर्त टळत होता. शेवटी गुरुजींनीच मार्ग काढला. राजपालनी परत करून ठेवलेला शाही दस्ता पतसंस्थेच्या कपाटातून आणला, चौरंगावर मधोमध ठेवला, त्याला हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं वाहिली. नळी नाही, घोडा नाही, गोळी नाही, नुसतं कोरीव लाकूड आणि पितळ. संचालकांनी डोळे मिटून हात जोडले. पतसंस्थेला अखेर तिच्या तोलामोलाचं शस्त्र मिळालं होतं.

"मग माझं काम न्हाय ना हितं?" राजपालनी विचारलं. दादांनी मान डोलावली.

घरी येऊन त्यांनी रायफल कपाटात कुलूपबंद केली, पांढरा सदरा चढवला आणि विहारात जाऊन मथुराबाईंच्या शेजारी बसले. "आज कसं काय सोडलं?" बाईंनी हळूच विचारलं.

"माझी बंदूक बाटली म्हणं."

मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला. हसल्या की रडल्या ते राजपालनी बघितलं नाही. वंदना सुरू झाली होती, आणि नऊ वर्षांनी ती पहिल्या शब्दापासून म्हणायला मिळत होती.