वाऱ्यांची नावे

मराठी विभागातल्या कुंदाताईंचा प्रस्ताव मी न वाचताच नाकारला होता, हे मी कालपर्यंत कोणालाही सांगितले नव्हते. आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन समितीत विज्ञानाचे प्रस्ताव आधी येत. भाषांचे चहानंतर, सर्वांना घराचे वेध लागल्यावर. ‘कोळ्यांच्या बोलीतील वाऱ्यांची नावे’ हे शीर्षक पाहून मी हसलो होतो. “नावं गोळा करून वारा कळतो होय?”

काल ग्रंथालयाच्या व्हरांड्यात हवामानशास्त्राचे तरुण प्राध्यापक कुंदाताईंच्या शेजारी बसलेले दिसले. “ताई, मतलई वारा कधी पडतो म्हणाले ते कोळी?” ताई सांगत होत्या आणि ते आपल्या आलेखावर खुणा करत होते.

मी थबकलो. वारा एकच असतो. कोणी त्याचा वेग मोजतो, कोणी त्याला मारलेली हाक जपतो. समितीचा आधार नसताना ताई सुट्ट्यांमध्ये एकट्याच किनाऱ्यावर हिंडल्या. तोवर कित्येक वृद्ध कोळी निघून गेले होते आणि त्यांच्याबरोबर किती नावे गेली, हे आता कोणत्याही शास्त्राला सांगता येणार नाही.

“या सर! भौतिकशास्त्र आज इकडे कसं?” ताई हसून म्हणाल्या.

त्या तरुणासमोरच मी म्हणालो, “ताई, तुमचा प्रस्ताव मी उघडूनही पाहिला नव्हता. मला क्षमा करा.”