गिटारीला जोड

बैल पारखायचे जे नियम आहेत, त्या नियमांनी जगातली कोणतीही वस्तू आणि कोणताही माणूस पारखता येतो, असं मानणारा आणि जन्मभर तसं वागून दाखवणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझे घरमालक, काका. धंद्यानं बैलांचा दलाल. साखरखेर्ड्याच्या बाजारात काकांनी शेपटीला हात लावून सोडून दिलेल्या बैलाला त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक मिळत नसे. पण काकांची पारख बाजारापुरती थांबत नव्हती. घरातलं घड्याळ त्यांनी आठ दिवसांच्या बोलीवर आणून भिंतीला टांगलं होतं आणि रोज पहाटे उठून ते थकलंय का ते पाहिलं होतं. छत्री घेतली ती उघडून नव्हे, तर दुकानाबाहेर खांबाला टेकवून, लांबून तिची उभं राहायची ढब बघून. जावई निवडताना मुलाची शेती आणि पत्रिका मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाहिली. काका मुलाच्या गावी जाऊन चढावरच्या लिंबाखाली बसले आणि मुलगा गव्हाचं पोतं घेऊन चढताना श्वास नाकानं घेतो की तोंडानं, तेवढं बघून परत आले. म्हणाले, "नाकानं घेते. देऊन टाका."

मी कोकणातला. सातवीत शाळा सोडली, मामाच्या ओळखीनं वायरिंग शिकलो आणि खेड्यापाड्यांत वीज न्यायचं काम घेतलेल्या एका ठेकेदाराकडे हंगामी वायरमन म्हणून लागलो. महाराष्ट्र नवा होता, खांब नवे होते, मीही नवाच होतो. घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर, जिथे नारळ फक्त देवापुढे दिसतो अशा मुलखात मी ट्रंक घेऊन उतरलो तेव्हा इथली बोली मला अर्धीच कळत होती, आणि माझी कुणालाच कळत नव्हती. स्टँडवर दोन तास तसाच उभा होतो. कुणाला काही विचारायची हिंमत नव्हती. समोरच्या हॉटेलात बसलेले एक धोतरवाले गृहस्थ उठून आले आणि "खोली पायजे का?" एवढंच म्हणाले. गोठ्याला लागून असलेली ती खोली मला कशी मिळाली, माझ्यात त्यांनी काय पाहिलं, हे मला बरेच दिवस कळलं नाही. विचारायची भीती वाटायची. विचारलं आणि त्यांनी पुन्हा तपासलं तर?

तर या काकांकडे गिटार होती. मांडीवर आडवी घेऊन लोखंडी कांडी फिरवत वाजवायची, हवाईयन म्हणतात ती. मलकापूरच्या एका रेल्वे गार्डाला लेकरांसाठी दूध हवं होतं, काकांनी त्याला दुभती गाय दिली आणि बदल्यात हे वाद्य आणलं. गार्डानं वाजवायलाही शिकवलं. गाय तीन वेतं देऊन गेली, गिटार राहिली. गणपतीत, लग्नात, सप्त्यात काका ती वाजवायचे. साथीला गावातल्या शिंप्याची ढोलकी. आता शिंपी म्हणजे दणकट माणूस. त्याच्या ढोलकीखाली गिटारीचा आवाज गाडीखालच्या मांजरासारखा नाहीसा व्हायचा. बारा वर्षं गावानं काकांची गिटार पाहिली होती, ऐकली नव्हती. पारावर कुणीतरी हटकून म्हणायचं, "दलाल, काल लई छान दिसलं तुमचं वाजवनं." काका हसायचे, पण त्या दिवशी जेवायचे कमी. शेवटी एका आखाडात त्यांनी जाहीर केलं की यंदाच्या पोळ्याला गाव गिटार ऐकंल. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा. गावाच्या तोंडी त्याचं नाव मशीन. आणि मशीन घ्यायला जालन्याला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं, कारण मी वायरमन.

गिटारही सोबत होती. वाजवून बघायला नव्हे, जोड बघायला. बैल जोडीनंच घ्यायचा असतो. काकांनी दुकानात गिटार भिंतीशी उभी केली आणि शेठजींना म्हणाले, "हिच्या जोडीले दाखवा. रंगानं तांबूस, उंचीले हिच्या कमरेइतकं." शेठजींनी आधी एक मोठं काळं धूड पुढे केलं. काकांनी त्याच्या चारी बाजूंनी फेरी मारली, दोन पावलं मागून पाहिलं, बैलाच्या अंगावरचे केसांचे भोवरे मोजावेत तशी वरची बटणं मोजली. "तीन भोवरे हायेत," मला हळूच म्हणाले, "घरधन्याले वाईट." तरी त्यांनी ते सुरू करायला सांगितलं, आणि वाजवायच्या ऐवजी समोरच्या जाळीच्या कापडाला कान लावून बसले. दुकानातल्या सगळ्यांना हातानंच गप्प केलं. "हे रिकामं असताना गुरगुरते," ते म्हणाले. "काम नसताना जे जनावर शांत उभं राहत नाई, ते कामात मारते. वायरमन, जनावर ओढताना सगळेच पाहतात. रिकामं उभं कसं राह्यते ते पाहा लागते." आता मी तांत्रिक माणूस म्हणून सांगतो, मशीन निवडायचा याहून चांगला नियम मला पुढं कुठल्याही दुकानात ऐकायला मिळाला नाही.

दुसरं मशीन बॅटरीवर चालणारं होतं. खटका दाबताच बोललं. तेच काकांना खटकलं. "घाईनं उठते. भित्रं हाय." तिसरं लहानसं, तांबूस रेक्झीन लावलेलं, वर धरायला मूठ, बटणं दोनच. ते विजेवर चालायचं. आतले व्हॉल्व्हचे दिवे तापेपर्यंत मिनिटभर गेलं. काका पाहत राहिले. आधी मागचे पाय, मग पुढचे, असं ते उठतंय असंच त्यांना दिसत असावं. मग कान लावला. आत काहीच नाही. शेठजींनी माईक पुढे धरला, काकांनी गिटार मांडीवर घेतली, कांडी तारेवर ठेवली आणि एक सूर ओढला. बाहेर हातगाडीवाला थांबला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी दुपट्ट्यानं पुसलं आणि माझ्याकडे वळले. "आपल्या गावात लाईट नाई. तुमी सांगा. पोळ्याच्या आधी येते का?"

खांब उभे होते, तारा यायच्या होत्या. ठेकेदार म्हणाला होता, येतील. पण ठेकेदार असं बरंच काही म्हणायचा, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर 'बॅटरीचं घ्या' हेच शहाणपणाचं होतं. पण माझ्या उत्तरासाठी कुणी माझ्या तोंडाकडे पाहत थांबलंय, असं माझ्या आयुष्यात त्याआधी घडलं नव्हतं. मी म्हणालो, "येते, काका."

काकांनी तेवढ्यावर दुपट्टा पसरला आणि त्याखाली शेठजींचा हात धरला. बाजारात भाव असाच ठरतो, बोटांनी, तोंडानं नाही. शेठजींना वाटलं काकांना घेरी आली. त्यांनी पाणी मागवलं. ही रीत समजावून सांगेपर्यंत मला घाम फुटला, पण सौदा शेवटी दुपट्ट्याखालीच झाला. परतीच्या एसटीत मशीन खिडकीशी बसलं, काका मध्ये, मी कडेला. कंडक्टर म्हणाला, "काका, डबा वर टाका." काका म्हणाले, "नव्या जनावराले रस्ता दिसू द्या लागते, नाईतर बुजते. याचं अर्धं तिकीट फाडा." कंडक्टर देऊळगाव राजापर्यंत त्यांच्याशी भांडला आणि तिथून पुढे स्वतःच्या गोऱ्ह्याच्या दुखऱ्या खुरावर औषध विचारत बसला.

मग तारा आल्या नाहीत. मी रोज सकाळी ठेकेदाराच्या तंबूवर जायचो आणि रोज रिकामा परत यायचो. वाटेतल्या खांबांना लोकांनी शेळ्या बांधल्या होत्या. काका एकदाही विचारत नव्हते. मशीन ओसरीवर पोत्यावर ठेवलेलं, रोज फडक्यानं पुसलेलं. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ट्रंक भरली. मावशींनी ती पाहिली. "पोळी खाऊन जाय," एवढंच म्हणाल्या.

पोळ्याला बैल तोरणाखालून गेले, पूजा झाल्या, आणि दिवेलागणीला गाव पारावर जमलं. गॅसबत्तीच्या उजेडात काका बसले होते आणि शेजारी मशीन, कुंकू लावलेलं, वर झूल, मुठीला घुंगरं. "यंदा आपल्या दावणीले नवं हाय," ते लोकांना सांगत होते, "त्याचा बी पोळा."

"दलाल, पन हे बोलत काऊन नाई?" कुणीतरी विचारलं.

"अनोळखी जागी जनावर चारा धरत नाई."

हशा झाला. मग शिंपीच म्हणाला, "उगाच कायले झाकता? त्या कोकण्यानं फसवलं तुमाले. लाईट येते म्हने."

मी गर्दीच्या मागं होतो. पाय निघायला तयारच होते. काकांनी कांडी खाली ठेवली. "सौदा म्या केला," ते म्हणाले. "दुपट्ट्याखाली बोटं माही होती, त्याची नव्हती. घेतलेल्या जनावराले अन् सोबतच्या मानसाले मी बाजारात नावं ठेवत नाई. ढोलकी खाली ठेव बे. अन् तुमी सारे पुढं सरका. गोठ्यात बसतात तसे दाटून बसा. वायरमन, तुमी इथं, मशीनजवळ."

लोक सरकले. गुडघ्याला गुडघा लागला. ढोलकी गप्प, माणसं गप्प, बैलांच्या घंटा तेवढ्या अधूनमधून. आणि त्या गावानं बारा वर्षांत पहिल्यांदा ती गिटार ऐकली. आवाज मोठा नव्हता. जेमतेम चार हात जात होता. पण सगळे त्या चार हातांतच होते.

घरी पुरणपोळी वाढताना मावशी म्हणाल्या, "तुमाले ठाव नसंल. स्टँडवर पाहून आले त्या दिवशी मले म्हनत होते, पोरगं दोन तास रिकामं उभं होतं, पन पाय आपटले नाईत. खोली देऊन टाकू." काका पलीकडे जेवत होते. त्यांनी आणखी एक पोळी मागितली. मी ट्रंक उघडली आणि कपडे परत खुंटीला लावले.

तारा पुढच्या उन्हाळ्यात ओढल्या गेल्या, पण त्याआधीच ठेकेदारानं मला चांद्याकडे पाठवलं होतं. काकांच्या गावातल्या खांबांवर मी खड्ड्यापासून राबलो. तिथला दिवा लागलेला मात्र पाहिला नाही. पुढं मी चांद्याच्याच मुलखात राहिलो, संसार तिथंच झाला. आजही घरात कुठलंही यंत्र आलं की मी ते आधी नुसतं सुरू ठेवतो आणि कान लावतो. बायकोला वाटतं हा माझा धंद्याचा भाग आहे.

लाईट आल्यावर काकांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं होतं. मी लगेच उत्तर टाकलं, येतो म्हणून. हंगामी माणसाची रजा, मग लेकरं, मग दर वर्षी पुढच्या वर्षी. जाणं झालं नाही. कार्ड अजून ट्रंकेत आहे. त्यात हवापाणी, एका बैलाचं दुखणं, मावशींचा आशीर्वाद, आणि खाली एवढंच: "मशीन उठलं. रिकामं असताना शांत उभं राह्यते. शिंप्याले ढोलकी जोरात वाजवू दिली. आता लांब बसलं तरी ऐकू येते."