खालच्या अंगाचा मार्ग

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं लाजावं, पण किती? माझं लग्न मोडता मोडता राहिलं ते निव्वळ माझ्या लाजेपायी!

मी सास्तूरचा. पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करतो. कशावर? इथंच तर गोम आहे. माणसाच्या मूत्रमार्गावर! लघवी बाहेर पडते ना, ती नळी. तिच्यातली एकेक पेशी सुटी करायची, तिच्यात कुठली जनुकं जागी आहेत ते यंत्रावर वाचायचं, आणि कुठल्या जातीची पेशी नळीत कुठं बसलीय त्याचा नकाशा करायचा. काम लई भारी. पण चारचौघांत सांगायचं कसं?

अन् चारचौघं तरी कोण? मुलीकडचे! मी, आई आणि मामा लोहाऱ्याला मुलगी बघायला गेलो होतो. समोर मुलीचे वडील, दत्तूअण्णा. जरब अशी की डोक्यावरचा पंखासुद्धा विचारून फिरत असावा. शेजारी मुलीच्या दोन आत्या. माझ्या हातात पोह्यांची बशी.

"पाव्हणं, काम काय करता?" अण्णांनी विचारलं.

आता दोन आत्यांसमोर 'लघवी' म्हणू? मी म्हटलं, "पेशींचं काम असतं, अण्णा. दिवसभर पेशीच पेशी."

अण्णा सरसावून बसले. "व्हय? अन् करता काय त्यात?"

"एकेक पेशी वेगळी काढून बघतो. मग मार्गाचा नकाशा तयार करतो."

"कुठल्या मार्गाचा?"

"आहे एक... खालच्या अंगाचा."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "आमचाबी खालच्या अंगाचाच अडलाय की ओ!"

मी चपापलो. बिचारे! वय झालं की पुरुषांना हा त्रास होतोच. पण पहिल्याच भेटीत, बायकांसमोर? केवढा मोकळा माणूस! आणि मी लाजत बसलोय!

"कधीपासून?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"लई दिस झाले. आधी कसा ऐसपैस होता. आता पार चिंचोळा झालाय. पावसाळ्यात तर पाणी तुंबूनच ऱ्हातं."

"पावसाळ्यात वाढतंच ते. जळजळ?"

"जीव जळतो निस्ता!"

"घरात कुणाला दाखवलं का?"

"सारं गाव बघून गेलंय!"

थोरली आत्या मान डोलावत म्हणाली, "म्या सोता जाऊन बघून आले. लई वाईट झालंय."

मला ठसका लागला. तरी धीर करून म्हणालो, "अण्णा, लाजू नका. नळी घालून मोकळा करता येतो."

"घातली की! सिमेटाची. शेजाऱ्यानं उपसून फेकून दिली."

"शेजाऱ्यानं?" मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"तर! तहसीलदार सायेब फोटू काढून गेले. सोमवारी पेशी हाय. तुमी तेवढं नकाशा घेऊन चला!"

पेशी! अहो, आमच्याकडं पेशी म्हणजे कचेरीतली सुनावणी. पुण्यात राहून हे साफ विसरलो होतो मी! अण्णा बोलत होते त्यांच्या शेताच्या खालच्या अंगाच्या रस्त्याबद्दल, आणि हा शहाणा त्यांची लघवी तपासत बसला होता!

मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. आई कुजबुजली, "आरं, बोल की काय ते!"

मी डोळे मिटले. "अण्णा, मी वकील न्हाय, मोजणीवालाही न्हाय. माझा मार्ग म्हणजे... लघवीचा."

चहा घेऊन आलेली मुलगी, स्वाती, दारातच थबकली. हातातल्या ट्रेमधले कप खडखडायला लागले. मला वाटलं घाबरली. कसलं! हसू दाबत होती. मग ती फस्सकन हसली, तिच्यामागं आत्या, आणि सगळ्यात शेवटी अण्णा.

"म्हंजी मघाशी तुमी मला नळी..."

"हो."

"अन् म्या म्हणलं, सिमेटाची!" अण्णांनी टोपी काढून डोळे पुसले.

लग्न जमलं. स्वातीला विचारलं, माझ्यात आवडलं काय? म्हणाली, "आमच्या अण्णांची एवढ्या आस्थेनं चौकशी आजवर कुणी केली नव्हती."

साखरपुड्याआधी अण्णांना माझं काम नीट समजावून सांगितलं. जनुकं, पेशींच्या जाती, नकाशा, सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं. अन् भर मांडवात, माझ्या खांद्यावर हात ठेवून, अभिमानानं साऱ्या पाव्हण्यांना ओळख करून दिली:

"हे आमचे जावई. लघवीच्या रस्त्याचे तलाठी हायेत!"