पूजेतला लॅपटॉप

झेंडूचा उग्र वास आला की मला जे. पी. नगरमधल्या आमच्या घरची ती खंडेनवमी आठवते. दृष्ट काढून फोडलेल्या, कुंकू भरलेल्या कोहळ्यांनी रस्ता लाल झाला होता आणि घरात पाटावर तुमच्या आईचा लॅपटॉप पूजेत ठेवला होता; दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आमचा नेम. तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला. ती सांभाळत असलेली एका इस्पितळाची वेबसाइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे आयत्या सांगाड्यावर, उभी होती, त्यातच भोक सापडलं होतं आणि त्यातून कुणीही परका रुग्णांची माहिती काढून नेऊ शकत होता. "आई, उचलू का?" तिनं विचारलं. शेजारच्या, बेळगावकडच्या अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब की गं, देवापुढचं आहे ते." "चोर थांबतात होय, अक्का?" असं म्हणत मीच फुलं बाजूला केली. कुंकवानं माखलेल्या बोटांनी तिनं दुरुस्ती बसवली. "भोक बुजलं," ती म्हणाली, "आता आधी कुणी शिरलं होतं का ते बघते." ती जुन्या नोंदी एकेक करून वर सरकवत गेली. मग हळूच म्हणाली, "सकाळीच येऊन गेलेत, आई. सगळं नेलंय." ते कुणी नेलं, हे पुढे कधीच कळलं नाही. अजूनही इस्पितळाच्या खिडकीशी आजार सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.