पडद्याकडे पाठ

"पिच्चरचं मला काय इचारता? पब्लिकचं इचारा," असं मामा म्हणायचे आणि हातातली बॅटरी उगाच एकदा लावून बंद करायचे. सिनेमा कसा आहे, असं त्यांना कुणीही, कधीही विचारलं तरी उत्तर हेच. त्यात नम्रपणा नव्हता. त्यांनी सिनेमा खरोखरच पाहिलेला नसायचा.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एकुलत्या एका टॉकीजचे मामा डोअरकीपर होते. तीस-पस्तीस वर्षं ते पडद्याशेजारच्या दारापाशी उभे राहिले, तेही पडद्याकडे पाठ करून. नोकरीच्या सुरुवातीला मालकाने सांगितलं होतं की पब्लिककडे लक्ष ठेवायचं, कुणी विडी पेटवतं का, कुणी खुर्ची फाडतं का ते बघायचं. मामांनी हा हुकूम इतका मनावर घेतला की शेकडो हिरोंनी त्यांच्या पाठीमागे शेकडो व्हिलन मारले, पण मामांनी एकदाही मान वळवली नाही.

तुम्ही-आम्ही सिनेमा बघताना कसे दिसतो हे आपल्याला ठाऊक नसतं. मामांना ठाऊक होतं. त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते सगळं चपलांवर उभं होतं. सिनेमा रंगला की माणूस नकळत चपला काढतो, पाय वर घेतो. कंटाळा आला की पाय अंधारात चपला शोधायला लागतात. शेवटाला अर्धा तास असताना थिएटरभर चपलांची चाचपणी सुरू झाली की मामा मॅनेजरला जाऊन सांगायचे, हा शुक्रवारी उतरवा. मॅनेजर उतरवायचा. मोठमोठ्या नटांचे सिनेमे आमच्या गावात चपलांनी पाडले आहेत.

मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. अजूनही आहे. दर शनिवारी 'प्रेक्षक म्हणतात' या नावाचं माझं एक सदर यायचं. सिनेमा सुटल्यावर दारात उभं राहून चार-पाच जणांच्या प्रतिक्रिया घ्यायच्या, नाव-गावासकट छापायच्या. काम सोपं दिसतं, पण आमच्याकडचा माणूस सिनेमा सुटल्यावर "बरा हाय" यापलीकडे बोलत नाही आणि एवढ्यावर सदर भरत नाही. म्हणून मी मामांकडे जायचो. कोण कुठे हसलं, कोण कुठे रडलं, कुणी कुणाच्या पाठीत धपाटा घातला, हे ते गावागणिक सांगायचे. एकदा मी आळसापायी एक शेतकरी कल्पनेतूनच काढला, त्याला मांजरसुंब्याजवळचं एक गाव दिलं आणि त्याच्या तोंडी 'अभिनय ताकदीचा' असं वाक्य घातलं. सोमवारी मामांनी मला चहाच्या टपरीवर गाठलं. या नावाचा माणूस त्या गावात नाही, असला तर तो आपल्याकडे येत नाही, आणि आला तर असं बोलत नाही, असं त्यांनी ऐकवलं. मी वरमलो.

पण मामा सगळंच सांगत नसत. आमच्या गावातले एक अत्यंत सोवळे गुरुजी, ज्यांनी सिनेमा हे पापाचं मूळ आहे या विषयावर दोन व्याख्यानं दिली होती, ते दर बुधवारी दुपारी शेवटच्या रांगेत उपरणं डोक्यावर घेऊन बसायचे. हे मला गुरुजी वारल्यानंतर कळलं, तेही मामांकडून नाही. मी मामांवर रागावलो, एवढी मोठी बातमी दाबून ठेवली म्हणून. मामा म्हणाले, "थेटरातलं थेटरात." बॅटरी लावली, बंद केली. एवढ्यावर विषय संपला.

आता एका तेलुगू सिनेमाकडे येतो.

हिंदी बोलणारा तेलुगू सिनेमा आमच्याकडे लई चालतो. ओठ एक म्हणतात, आवाज दुसरंच म्हणतो. पण राजकारणाची सवय असल्यामुळे आमच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. या सिनेमात एका पुढाऱ्याचा खून होतो. भर मांडवात, पाचशे माणसांची पंगत बसलेली असताना. पोलीस येतात, एकेकाला विचारतात, आणि पाचशेच्या पाचशे माणसं एकच उत्तर देतात, की मी तेव्हा ताटात बघत होतो.

त्या प्रसंगाला आमचं थिएटर अक्षरशः पेटलं. खुर्च्यांवर उभं राहून लोक पडद्यावरच्या पंगतीला शिव्या घालत होते. बांगड्या भरा, मिशा काढा, जेवता काय बे, अशा. गेवराईकडून आलेल्या एका म्हाताऱ्याने तर फेटा काढून पडद्याच्या दिशेने फेकला. शेवटी एक साधा पाणी वाढणारा उभा राहतो आणि खुन्यांची नावं घेतो, तेव्हा शिट्ट्यांनी कान फुटायची वेळ आली. मोबाइल वर करून अर्ध्या थिएटरने त्याचं शूटिंग केलं. मामांनी पहिल्याच खेळाला निकाल दिला की दोन आठवडे हलत नाही, एक पाय चपलेत नाही. मी सदरात लिहिलं, 'अन्यायाविरुद्धच्या आवाजाला प्रेक्षकांची मानवंदना.' वाक्य माझं मलाच आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीनचा खेळ सहाला सुटला. मी दारात वही घेऊन उभा होतो. लोक बाहेर येत होते, तोंडं लाल, पाणीवाल्याचे संवाद म्हणत. त्यांत वैजनाथ होता. हा शेजारच्या खेड्यातला, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायचा. त्याने गावातल्या पाण्याच्या टाकीबद्दल अर्ज केला होता. कागदावर बांधून झालेली टाकी गावात नेमकी कुठे आहे, एवढंच त्याचं विचारणं होतं. टाकीचं काम ज्यांच्या माणसांकडे होतं, त्या साहेबांचं नाव आमच्याकडे घेताना आवाज आपोआप खाली येतो. म्हणून मी ते इथे घेत नाही, सवय.

सायकल स्टँडपाशी तिघांनी वैजनाथला धरलं. त्यांच्याकडे लोखंडी गज होते. तिघंही आमच्या गावातले, बिनबुरख्याचे. चार-पाच मिनिटं चाललं. वैजनाथ एकदा ओरडला, मग नाही ओरडला. शे-दीडशे माणसं उभी होती, सगळी नुकतीच पाणीवाल्याला शिट्ट्या मारून आलेली. मोबाइल होते तेवढे खिशात गेले. मग ते तिघं गाडीत बसून निघून गेले, आणि लोकही. वैजनाथला रिक्षात घालून दवाखान्यात कुणी नेलं असेल तर मामांनी. तिथून त्याला अंबाजोगाईला हलवलं. जीव वाचला, उजवा हात मात्र खांद्यापासून गेल्यातच जमा झाला. मोटार बांधणाऱ्याचा उजवा हात.

मी बातमी दिली. 'अज्ञात व्यक्तींकडून तरुणास मारहाण.' दुसऱ्या दिवशी मामा पेपर घेऊन घरी आले. ते कधी घरी येत नसत. ओट्यावर टेकले आणि बातमीवर बोट ठेवून म्हणाले, "अज्ञात मंजी काय ओ पत्रकार?"

ज्यांची ओळख पटलेली नाही असे, मी म्हणालो.

"आसं व्हय," मामा म्हणाले. "मला वाटलं, तुमी वळखता त्यान्ला."

पाणी प्यायले आणि निघून गेले. मी दिवसभर चिडचिड केली, बायकोवर.

वैजनाथने शुद्धीवर आल्यावर तिघांची नावं दिली, खटला उभा राहिला, पण साक्षीदार एकही नव्हता. त्याची बायको पुढचे दोन-तीन महिने घरोघर हिंडत होती. तुम्ही तिथं होता, एवढं फक्त कोर्टात सांगा, म्हणायची. चहा तिला सगळ्यांनी दिला. मीही दिला. मामांकडे ती गेली तेव्हा मामांनी तिला सांगितलं की मारणाऱ्यांना मी पाहिलेलंच नाही. हे ऐकून ती तिथेच बसून रडली म्हणतात. कारण आख्ख्या गावात खोटं बोलणार नाही असा तिच्या दृष्टीने हा एकच माणूस उरला होता.

आणि मामा खोटं बोलत नव्हतेच. खेळ सुटताना ते दार उघडून पब्लिककडे तोंड करून उभे होते. मारहाण झाली त्यांच्या पाठीमागे. आवाज आल्यावर तुम्ही-आम्ही मागे वळून बघितलं असतं. मामांनी तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीने पब्लिककडे बघितलं. गाडी गेल्याचा आवाज आला आणि पब्लिक पांगायला लागलं, तेव्हा ते वळले.

साक्षीच्या आदल्या दिवशी ते परत माझ्याकडे आले. सरकारी वकिलांनी, जखमीला उचलणारा म्हणून, त्यांना बोलावलं होतं. ओट्यावर टेकले. मग म्हणाले, उद्या पब्लिकमधी कोण कोण होतं ते सांगणार आहे, पुढं उभे व्हते ते नऊ जण.

"तुमचं बी नाव हाय त्यात. आधी सांगितल्यालं बरं."

मी त्यांना थेटरातलं थेटरात याची आठवण करून दिली. मामांनी याचा विचार केलेला होता. म्हणाले, थेटरातलं न्हाई हे, आवारातलं हाय. तिकीट फाडून आत येत्यात त्यांची गोष्ट निराळी.

मग मी जे बोललो ते लिहायला अजूनही लाज वाटते. मी म्हणालो, मामा, एवढं माझं नाव राहू द्या.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जरा अडचणीत पडल्यासारखं.

"ऱ्हाऊ देतो की," ते म्हणाले. "पण मग बाकीच्या आठांचं कोण्या तोंडानं घिऊ?"

अंबाजोगाईच्या कोर्टात आरोपींच्या वकिलाने त्यांना विचारलं, या तिघांना मारताना पाहिलं का. मामा म्हणाले, न्हाई. वकील खूश होऊन म्हणाला, मग इथे कशाला आलात? मामा म्हणाले, बघणारे सांगायला. आणि त्यांनी एकामागून एक नऊ नावं सांगितली, गावांसकट. कोण कुठे उभं होतं, कुणी तोंडावर हात घेतला, कुणी पोराचे डोळे झाकले आणि स्वतःचे उघडे ठेवले. शेवटचं नाव माझं. "यांच्या हातात वही व्हती. ती त्यांनी मिटली आन् खिशात घातली."

सरकारी वकिलांनी अर्ज केला आणि आम्हा नऊ जणांना समन्स निघालं.

मग गावाला मामांचा जो राग आला, तो त्या तिघांचाही कधी आला नव्हता. मारणाऱ्यांची नावं घ्यायची सोडून बघणाऱ्यांची कशाला घ्यायची, असं पारावर बसलेली शहाणी माणसं विचारत होती. मामा खोटं बोलले, असं मात्र एकही माणूस म्हणाला नाही. दुकानदार त्यांना जिन्नस देईनात असं नव्हे. द्यायचे, पण बोलायचे नाहीत. तेवढ्यात मालकाने टॉकीज बंद करून तिथे मंगल कार्यालय काढलं. मामा आष्टीला लेकीकडे गेले. मी निरोप द्यायला गेलो नाही. मलाही राग होता, आणि माझा राग इतरांहून मोठा होता, कारण मी त्यांच्या जिवावर इतकी वर्षं सदर चालवलं होतं.

आठ जणांच्या साक्षी माझ्याआधी झाल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून वाट बघायचो आणि बाहेर आलेला प्रत्येक जण आपण काय सांगितलं ते मला सांगून जायचा. एक गाडीची चावी शोधत होता. एकाला फोन आला होता. एकाच्या डोळ्यात कचरा गेला होता. दोघांना आपण त्या दिवशी टॉकीजला गेलोच नव्हतो असं आठवलं. एकालाही आपण ताटात बघत होतो असं म्हणायचं सुचलं नाही, नाहीतर मला हसू आलं असतं.

माझी पाळी यायच्या आधी, श्रावणात, मामा गेले. आष्टीच्या वार्ताहराने मला फोनवर सांगितलं, तो मनुष्य टॉकीजला होता ना तुमच्याकडे, म्हणून. आमच्या पेपरात चार ओळी आल्या. त्या मी लिहिल्या. पस्तीस वर्षं पब्लिक ओळखणाऱ्या माणसाबद्दल चार ओळींत काय बसणार, पण पाचवी लिहायला बसलो की माझंच नाव मध्ये यायचं.

माझा पुकारा झाला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. वैजनाथची बायको भिंतीशी उभी होती, वैजनाथ खाली बसलेला, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून. सरकारी वकिलांनी माझं नाव, वय, धंदा विचारला. मग त्या दिवशी सहा वाजता तुम्ही कुठे होता, ते विचारलं. मी सांगितलं. काय करत होता, विचारलं. मी म्हणालो, बघत होतो. कुणाला बघत होता? आरोपींच्या वकिलाने हरकत घेतली, ती कोर्टाने नामंजूर केली. मी तिघांची नावं घेतली. तिसरं घेताना माझा आवाज खाली गेला. ऐकू आलं नाही, मोठ्याने सांगा, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या.

मी मोठ्याने सांगितलं.