सढळ हाताचं तेल

आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. ऐकायला फार न्यायाची वाटते. ही रीत ज्याने काढली, त्याला माझ्या दादासारखा थोरला भाऊ नसणार.

घरात लाकूड कापायची दोन मशिनं होती. एक आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, हातचं जुनं, दुसरं नवंकोरं. दादाने नवं मशीन मुरमाड तुकड्याबरोबर ठेवलं आणि जुनं विहिरीकडच्या काळ्या रानाबरोबर. मी काळं रान उचललं. कोणीही तेच उचललं असतं, आणि दादाला ते पक्कं ठाऊक होतं.

त्याचा डाव पहिल्याच हंगामात कळला. माझ्या रानाच्या कडेला, त्याच्या घराला लागून, दोघांच्या कवेत न मावणारा लिंब होता. त्याची सकाळची सावली माझ्या कांद्यावर पडायची आणि दुपारनंतरची दादाच्या अंगणात. माझा कांदा पिवळा पडून गोटीएवढाच राहिला. दादा मात्र त्याच सावलीत बाज टाकून, चहा पीत माझं पिवळं रान बघायचा.

लिंब पाडावा म्हणून मी नवं मशीन दिवसभरासाठी मागायला गेलो.

"वाटणी झाली," तो म्हणाला. "तुझ्याकडं हाय की आबांचं. त्यानंच पाड."

आणि हसला. वहिनीही हसली. भाड्याने दुसरं मशीन मिळालं असतं, पण त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिंब पाडायचा तो आबांच्याच मशीनने, आणि दादा बाजेवर बसलेला असताना, असं मी तिथेच ठरवलं.

जुन्या मशीनमध्ये मात्र जीव नव्हता. सुरू व्हायचं, भरपूर धूर सोडायचं आणि लाकडाला दात लागले की बसायचं. मिरजगावच्या दुकानदाराने बघितलं आणि भंगारात घाला म्हणाला. मी ते घरी आणून ओट्यावर उघडलं. सायलेन्सर काढला तेव्हा आतली जाळी दिसेचना. काजळीचा थर बसून ती पार बुजली होती. मशीनला श्वास सोडायला जागाच नव्हती.

हे आमच्या घरातल्या सढळ हाताचं काम होतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना आबा कधी माप घेत नसत. पुरणपोळीवर तूप वाढावं तसं ओतायचे आणि म्हणायचे, "तेल खाल्लेलं मशीन दमत न्हाई." दादाही तसाच ओतायचा. जास्तीचं ऑइल नीट जळत नाही, त्याची काजळी धरते, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मशीन दमलं की आणखी थोडं ओतायचं, एवढंच.

जाळी चुलीत लाल होईस्तोवर तापवली आणि काजळी झाडली. सायलेन्सर खरवडला, हवेची गाळणी धुतली, प्लग बदलला. गोल कानशीने साखळीचा एकेक दात घासला, तोही दादाचं नाव घेत घेत. ऑइल मोजायला गोठ्यातली जनावरांची सिरिंज धुऊन घेतली. मग दोरी ओढली आणि मशीन असं कडाडलं, की बायको घरातून बाहेर आली.

"आता कुनाचा जीव घेताय?" तिने विचारलं.

झाड तोडायच्या परवानगीचा कागद मी आधीच काढून ठेवला होता. कांदा निघून रान मोकळं झालं, तेव्हा दादा बाजेवर आडवा झालेला बघून मी खोडाला मशीन लावलं. दात सरळ आत गेले. दादा उठून बसला. लिंब दोराच्या ओढीने माझ्या रानात आडवा झाला आणि त्याच्या अंगणात, थेट तोंडावर, ऊन आलं. त्याने बाज भिंतीला सरकवली, मग दाराशी, मग घरात नेली. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो माझ्या बांधावर येऊन उभा राहिला. डोक्यावर टॉवेल होता. त्याचं नवं मशीन बसायला लागलं होतं, आणि लाकडाची कामं माझ्याकडे यायला लागली होती.

"लई धूर सोडतंय," तो म्हणाला. "आबांच्या मशीनला काय केलं तू? खरं सांग."

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या मागे ते बोडकं अंगण दिसत होतं, आणि मला वहिनीचं हसणं आठवलं.

"काय न्हाई, दादा," मी म्हणालो. "ऑइल जरा सढळ हातानं टाकतो."

त्याचा चेहरा उजळला. "व्हय. आबा हेच म्हनायचे."

तेव्हापासून बांधापलीकडून त्याच्या मशीनचा आवाज रोज थोडा थोडा बसत चाललाय. मी खुरपं खाली ठेवतो आणि ऐकतो.